नसलेली ठकठक

माझ्या सासूबाई माफ करत नाहीत. हे मला लग्नानंतर लगेच कळलं, कारण स्वयंपाकघराच्या दाराशी एक चांगली धडधाकट खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी बसत नसे. विचारलं तर म्हणाल्या, "तिनं एकदा पाडलंय मला." खुर्चीचा मोडलेला पाय त्यांनी स्वतःच नीट बसवला होता, आणि मग तिला शिक्षा म्हणून दाराशी उभं केलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्यावर ओल्या छत्र्या टाकायच्या.

आता जी बाई खुर्चीला सोडत नाही, ती सख्ख्या भावाला काय सोडणार?

सासूबाई इंजिनं दुरुस्त करतात. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे भिंतीवर पाने टांगलेले आणि मधोमध एक जुनं लाकडी टेबल, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. नवीन होते तेव्हा मी एकदा "आई, चहा टाकू का?" असं विचारलं होतं. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "टाक. आणि तिकडेच बस."

एवढा पक्का कान, पण इंजिन उघडायला त्यांच्याकडे कोणी देत नसे. लोक यायचे ते गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला धार लावायला, नाहीतर पंपाचा वॉशर बदलायला. कारण त्यांना एक नाव चिकटलेलं होतं. रॉडवाली. रस्त्यानं जाताना मागून ऐकू यायचं, ती बघ, रॉडवाली. त्यांना नेमकं तेही ऐकू यायचं, कान चांगला असण्याचा हा एक तोटा.

त्या नावाची गोष्ट अशी.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांच्या वडिलांचं वर्कशॉप होतं. तिथली एक रीत गावभर माहीत होती. गिऱ्हाइकानं मशीनचा आवाज आधी तोंडानं काढून दाखवायचा. वडिलांचं म्हणणं, मशीन मेकॅनिकसमोर नेहमी शहाण्यासारखं वागतं, खरा आवाज मालकानंच ऐकलेला असतो. त्यामुळे तिथे भलेभले लोक उभे राहून घर्रर्र-टक, घर्रर्र-टक करायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा पंपाचा हुंदका काढून दाखवताना खोकायला लागल्या आणि त्यांना पाणी द्यावं लागलं, हे अजून सांगितलं जातं. बाकीची गिऱ्हाइकं भोवती उभी राहून हसायची. वडील मात्र हसत नसत. ते ऐकायचे, मग मशीन चालू करून पुन्हा ऐकायचे, आणि मगच पाना उचलायचे.

त्यांच्या हाताखाली दोघं शिकली, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. कामाची वाटणी ठरलेली होती. इंजिनाच्या आतलं काम मुलीचं. बाहेरचं, म्हणजे पुल्या, पट्टे, पाती, ते मुलाचं. धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली, हे थोरल्याला कधीच पचलं नाही.

मग रोपवाटिकेच्या मालकांचा बागेचा ट्रॅक्टर आला. लाल, बुटका, एका सिलिंडरचा, पोटाखाली गवत कापायची पाती. वडील तेव्हा आजारी होते, मागच्या खोलीत पडून असायचे. ते इंजिन सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं उघडलं आणि एकटीनं बांधलं. भावानं खालची पुली बसवली, पट्टा चढवला, आणि ट्रॅक्टर गेला. आठवडा व्हायच्या आत तो परत आला. मालकांनी सगळ्यांसमोर तोंडानं आवाज काढला, ठक्, ठक्, ठक्. भावानं इंजिन चालूही न करता बोनेटवर हात ठेवला, मान डोलावली आणि निकाल दिला.

"रॉड. पोरीनं रॉडचे बोल्ट आवळलेच नाहीत. इंजिन गेलं."

पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा तो रॉड. त्याचे बोल्ट ढिले ठेवणं म्हणजे आमटीत मीठ विसरणं नव्हे. आमटीत पातेल्याचं झाकण विसरणं आहे. सासूबाई म्हणत राहिल्या, मला ऐकू द्या, उघडून बघू द्या. कोणी ऐकलं नाही. मालक तणतणत ट्रॅक्टर घेऊन गेले आणि तो त्यांनी मागच्या छपराखाली टाकून दिला. भाऊ वडिलांच्या खोलीत जाऊन आला. थोड्या वेळानं आतून वडिलांचा आवाज आला, "तिला पुन्हा पान्याला हात लावू देऊ नकोस." ते गेले ते हेच मनात धरून गेले. वर्कशॉप भावाचं झालं, बहिणीचं लग्न झालं, आणि गावानं तिला नाव दिलं.

सासूबाईंनी डूख धरला तो तेव्हापासून. भावाकडच्या लग्नाला गेल्या नाहीत, दुखण्याला गेल्या नाहीत. रस्त्यात समोर आला की त्या पलीकडे जात नसत, त्यालाच जावं लागे. मला सांगायच्या, "मी काही करणार नाही गं. मी फक्त थांबलेय." कशाची वाट बघतायत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ती वाट एका सकाळी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. लाल, बुटकी, गंजलेली. सोबत रोपवाटिकेच्या मालकांची मुलगी. वडील गेल्यावर तीच आता रोपवाटिका बघते.

"भंगारात द्यायचाय," ती म्हणाली. "म्हटलं, सुटे भाग तुमच्या कामाला येतील."

"भंगार कोण म्हणालं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचे भाऊ. नवी बॅटरी टाकली, पेट्रोल भरलं, सुरूही झाला. पण ठोके देतो, म्हणून त्यांच्याकडे नेला. म्हणाले, रॉड गेलाय. तेव्हाच गेला होता, म्हणाले." मग आपण कोणासमोर बोलतोय हे लक्षात येऊन ती ओशाळली. "माफ करा हं."

"त्यानं स्वतः ऐकला आवाज?"

"मी तोंडानं काढून दाखवला. त्यांनी बोनेटवर हात ठेवला नि सांगून टाकलं. खरं सांगू? मला जरा अवघडल्यासारखं झालं. माझ्या तोंडाकडे नुसते टक लावून बघत होते. आणि टेबलावरचा फोन सारखा केकाटतोय, यांना काही नाही. शेवटी मीच वैतागले."

सासूबाईंच्या हातात फडकं होतं. ते त्यांनी सावकाश घडी करून टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेडमध्ये फडक्याची घडी घातलेली मी पाहिली नव्हती.

बाई गेल्यावर त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. इंजिन धापा टाकत लागलं, मग स्थिरावलं, आणि खालून आवाज यायला लागला. ठक्. ठक्. ठक्. जाड, बोथट, कोणीतरी तळघरातून दार वाजवावं तसा. ज्या आवाजानं या बाईच्या आयुष्याची माती केली तो हाच होता आणि तो त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. आधी वर टेकवला. "व्हॉल्व्हची टिकटिक आहे. ती असायचीच." मग इंजिनाच्या कुशीवर, जिथे आत रॉड फिरतो. बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. "इथं येतोय. पण पाहुणा आल्यासारखा येतोय, राहतो दुसरीकडे." मग मला म्हणाल्या, "पात्याचा दांडा ओढ."

मी दांडा ओढला. पट्टा ताणला, पाती फिरायला लागली, इंजिनावर ओझं आलं, आणि ठोके थांबले. एकदम साफ. दांडा सोडला, की पुन्हा ठक्, ठक्. त्यांनी माझ्याकडून ते चार वेळा करून घेतलं. त्यांना शंका नव्हती, त्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

"रॉड असता तर ओझं आल्यावर आणखी बोंबलला असता," त्या म्हणाल्या. "हा ओझं आलं की गप्प बसतो. म्हणजे आत काही नाही. बाहेर काहीतरी ढिलं आहे, ते मोकळं असलं की डुगडुगतं, पट्टा ताणला की धरून बसतं."

इंजिन बंद करून त्या पाठीवर खाली सरकल्या. मी टॉर्च धरला. त्यांनी खालच्या पुलीला हात घातला आणि ती हलली, पडायला आलेल्या दातासारखी. मधला बोल्ट ढिला. पुली इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर पक्की धरून ठेवणारी चावी, म्हणजे लोखंडाची पेराएवढी पट्टी, ती झिजून तिरकी झालेली. पुल्या आणि पट्टे. बाहेरचं काम. भावाचं काम.

त्या रडल्या नाहीत. आधी पुलीला शिवी दिली, मग भावाला, मग वडिलांना, आणि शेवटी परत पुलीला. मी म्हटलं, "आई, इंजिनही उघडून बघायचं का? तुमचे बोल्ट?"

"कशाला?" त्या खालूनच म्हणाल्या. "मला माहीत नाहीत होय?"

पण त्यांच्या डोक्यात आता दुसरंच काहीतरी फिरत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मामेसासऱ्यांच्या वर्कशॉपवर पाठवलं, पट्टा आणायच्या निमित्तानं. मामा पाठमोरे बसून डब्यातले नट निवडत होते. मी दारातून हाक मारली, "मामा!" नट निवडणं चालूच. आणखी मोठ्यानं मारली. मग मी शेजारच्या फळीवरचा पत्र्याचा ट्रे कोपरानं ढकलून दिला. त्या आवाजानं मांजर खिडकीतून उडालं, त्यांचा दाढीवाला फिटर "अरे देवा" म्हणून उठून उभा राहिला. मामांनी एक नट उजेडात धरून नीट न्याहाळला आणि डब्यात टाकला. फिटरनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विनंती होती. मी पट्टा घेतला आणि निघाले.

म्हणून ते एवढ्या मोठ्यानं बोलायचे. लोक समजायचे, मालकीचा तोरा. म्हणून त्यांनी तोंडानं आवाज काढायची रीत इतक्या निष्ठेनं जपली होती. लोक म्हणायचे, बघा, वडिलांची आठवण कशी सांभाळलीय. आवाज तोंडावरून ओळखायचे, मशीन फिटर दुरुस्त करायचा, आणि बोनेटवरच्या हातात म्हणे जादू होती. एका सिलिंडरचं इंजिन असंही थरथरतंच; तळहाताला त्यात काय कळणार, कप्पाळ!

मी घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई ऐकून हसल्या. मला ते हसू आवडलं नाही आणि आवडलंही.

त्यांनी पुलीला नवी चावी घातली, बोल्ट आवळला, कार्ब्युरेटर धुतला, सायलेन्सर बदलला. ट्रॅक्टर शिलाई मशीनसारखा चालायला लागला. माझा नवरा म्हणाला, "झालं ना आई? आता रोपवाटिकेच्या बाईंना सांग, त्या चारचौघांत सांगतील. मामांच्या मागे कशाला लागतेस? म्हातारे झालेत ते."

"मीही म्हातारीच झालेय," सासूबाई म्हणाल्या. "ते कोणाच्या लक्षात येत नाही."

"तरी पण. सख्खा भाऊ आहे."

"म्हणूनच. परक्यानं केलं असतं तर मी विसरले असते." हे मात्र खोटं होतं. खुर्ची दाराशीच उभी होती. "मी दुरुस्त केला म्हणून सांगितलं तर लोक म्हणतील, भावाबहिणीचं भांडण आहे, कोण खरं कोण खोटं कुणास ठाऊक. त्याचं बोलणं त्याच्याच तोंडून खोटं पडायला पाहिजे."

सुट्टीच्या दिवशी सकाळी वर्कशॉपवर गर्दी असते. गवत वाढायचे दिवस होते, त्यामुळे शाळेच्या मैदानाचा माळी, बंगल्यांचे माळी, दवाखान्याच्या बागेचा माणूस, सगळे आपापली यंत्रं घेऊन आलेले. सासूबाईंनी ट्रॅक्टर टेम्पोत घालायला नकार दिला. धुतलेला एप्रन घालून त्या स्वतः त्यावर बसल्या आणि भर बाजारातून चालवत नेला. माणसाच्या चालीनं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. त्या मागे वळल्या नाहीत. मी बाजूनं पिशवी घेऊन चालत होते आणि मला एखाद्या मिरवणुकीत चालल्यासारखं वाटत होतं.

वर्कशॉपच्या अंगणात मधोमध त्यांनी ट्रॅक्टर उभा केला. इंजिन चालूच ठेवलं. सगळे गोळा झाले. रॉडवाली भावाच्या दारात, हे कोण सोडणार?

मामा हात पुसत बाहेर आले. "आलीस?" ते गरजले. "भंगार घेऊन आलीस होय?"

सासूबाई खाली उतरल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "आवाज येतोय, दादा," त्या म्हणाल्या.

"काढून दाखव की! रीत विसरलीस का?"

लोक हसले. सासूबाईंनी तोंड उघडलं आणि आवाज काढला. अगदी हुबेहूब, जाड, बोथट. "ठक्. ठक्. ठक्."

त्यांच्या शेजारी उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन सुईदोऱ्यासारखं सरळ चाललं होतं. शाळेच्या माळ्यानं मान तिरकी करून इंजिनाकडे पाहिलं. लोकांचं हसू ओसरत गेलं.

"वरून की खालून?" मामांनी विचारलं.

"खालून."

मामांनी बोनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. ते त्यांचं नेहमीचं होतं, लोकांना आवडायचं. दाढीवाला फिटर गर्दीतून पुढे घुसायला बघत होता. मी पिशवीसकट त्याच्या वाटेत उभी राहिले. हो, राहिले. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मामांनी डोळे उघडले. "ऐका सगळे!" ते गरजले. "ही ठकठक ऐकू येतेय ना? हा रॉड! तेव्हा सांगितलं होतं, आजही तेच सांगतो. हिच्या हातानं गेलेलं इंजिन आहे हे. माझा कान कधी चुकलेला नाही."

ट्रॅक्टर आपला गुणगुणत होता.

मामांनी गर्दीवरून नजर फिरवली. सगळी तोंडं मिटलेली होती. "काय झालं?" ते म्हणाले. "गप्प का झालात? हसा की!"

शाळेचा माळी खाली बघत म्हणाला, "मालक, याला काही आवाज नाहीये."

"काय?"

"आवाज नाहीये म्हटलं. साफ चाललंय."

मामांनी त्याचं तोंड वाचलं. मग ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग फिटरकडे. फिटरनं मान खाली घातली. सासूबाईंनी इंजिन बंद केलं, एप्रनच्या खिशातून ती झिजलेली चावी काढली आणि मामांच्या हातात ठेवली. काळवंडलेली, तिरकी, पेराएवढी.

"खालच्या पुलीची," त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "तू बसवलेली. ठोके ही द्यायची. माझा रॉड अजून जसाच्या तसा आहे, कोणाला बघायचं असेल तर आत्ता उघडा. याचाच पाना घ्या."

कोणीच पुढे झालं नाही. उघडायची गरज कोणालाच वाटली नाही. सासूबाईंना जे हवं होतं ते हेच होतं, इतकी वर्षं, आणि ते मिळायला एखाद्या गाण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. दवाखान्याच्या माणसानं आपलं यंत्र हळूच फाटकाकडे वळवलं. दुसऱ्या एकानंही. मला कोणीतरी विचारलं, "बाईंची शेड दुपारी उघडी असते का?"

मामा चावीकडे बघत उभे होते. सासूबाई पाठ फिरवून ट्रॅक्टरवर चढायला लागल्या तेव्हा ते बोलले. हळू बोलले. त्यांचा हळू आवाज गावानं कधी ऐकलाच नव्हता, आणि तो किती हळू आहे हे त्यांना स्वतःलाही कळत नसणार.

"मला तेव्हाही येत नव्हतं ऐकू," ते म्हणाले. "नुकतं जायला लागलं होतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी वर्कशॉप तुला दिलं असतं."

इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की त्यांनी आवाज ऐकला आणि मुद्दाम खोटं सांगितलं. त्यांनी ऐकलाच नव्हता. मालकांच्या तोंडाकडे बघून, अंदाजानं, त्यांनी तिचा निकाल लावला होता. मला वाटलं, आता सासूबाई खाली उतरतील. निदान थांबतील. रागाच्या पोटात कुठंतरी बहीण असेल.

सासूबाई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ऐकू येत नव्हतं, तर गप्प बसायचं होतंस."

अंगणातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. एकालाच गेलं नाही. मामांनी लोकांचे चेहरे पाहिले, मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

मला ते वाक्य उच्चारता येईना. मी सासूबाईंकडे बोट केलं.

सासूबाईंनी मागे पाहिलं. त्यांना कळलं. त्या खाली उतरल्या, चालत परत आल्या, भावाच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे. चेहरा उजेडाकडे केला. आणि तोंड मोठं उघडून, सावकाश, ओठांवरचा एकही शब्द निसटू न देता त्या पुन्हा बोलल्या.

"ऐकू. येत नव्हतं. तर. गप्प. बसायचं. होतंस."

मामांचे ओठ त्यांच्या ओठांमागून हलत होते. गिऱ्हाइकांचा आवाज ओळखताना हलायचे तसेच. शेवटच्या शब्दापर्यंत आले आणि थांबले.

त्यांना नीट कळलं आहे याची खात्री करून घेईपर्यंत सासूबाई तिथेच उभ्या होत्या.